मुलाच्या हाती मुका जीव

वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि शाळांना उन्हाळी सुटी लागली, म्हणजे पुष्कळ घरांतून एक मागणी हटकून पुढे येते. मुलाला कुत्र्याचे पिल्लू हवे असते. ते नाही तर मांजर, आणि तेही नाही तर निदान काचेच्या पेटीतले मासे. मागणी करणारा आठ-नऊ वर्षांचा असतो आणि त्याचे आश्वासन ठरलेले असते : "मी त्याचं सगळं करीन." ह्या आश्वासनाची खरी किंमत आईला ठाऊक असते. वडील म्हणतात, "जरा मोठा हो, मग पाहू." पण मोठा म्हणजे किती मोठा, हे काही कोणी सांगत नाही, कारण ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

इतक्या घरगुती प्रश्नाला इतिहासाच्या व्याख्यानात जागा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ह्या प्रश्नाला फार जुना आणि मनोरंजक इतिहास आहे. नाटककारांनी तो रंगभूमीवर आणला आहे, तत्त्वज्ञांनी त्यावर लिहिले आहे, चित्रकारांनी तो चितारला आहे, आणि विसाव्या शतकात तर तो चक्क कायद्याच्या कलमांत जाऊन बसला आहे. मूल केव्हा तयार झाले असे मानावे, ह्याचे उत्तर निरनिराळ्या काळी निरनिराळे दिले गेले. ती उत्तरे क्रमाने पाहिली तर आजच्या आईबापांना त्यांतून काही हाती लागेल, अशी आमची समजूत आहे.

आरंभ आपल्या घरापासून करू. कालिदासाच्या 'शाकुंतला'त लहान मूल आणि प्राणी ह्यांचा एक प्रसंग सर्वांच्या ओळखीचा आहे. सातव्या अंकात मारीच ऋषींच्या आश्रमात लहानगा सर्वदमन सिंहिणीच्या दुधावरून तिचा छावा ओढून आणतो आणि त्याचे दात मोजू पाहतो. आपण ह्या प्रसंगाकडे भरताच्या शौर्याची खूण म्हणून पाहतो आणि पुढे जातो. पण त्या वेळी तेथे असलेल्या तापसी काय करतात, तेही पाहण्याजोगे आहे. त्या त्याच्या धिटाईचे कौतुक करीत बसत नाहीत. छावा सोड म्हणून विनवितात, सिंहीण अंगावर येईल असा धाक घालतात, आणि अखेर एक तापसी झोपडीतून रंगीत मातीचा मोर आणायला जाते. मातीचा मोर येईपर्यंत मी ह्याच्याशीच खेळतो, असे पोर म्हणते. शेवटी दुष्यंताला मध्ये पडून छावा सोडवावा लागतो. पोर शूर आहे ह्यात शंकाच नाही. पण त्याच्या हाती जिवंत प्राणी द्यावा असे त्या शहाण्या बायांना वाटत नाही. त्याचे वय अजून मातीच्या मोराचे आहे.

ह्याच नाटकाच्या चौथ्या अंकात दुसरे चित्र आहे. शकुंतला सासरी निघते तेव्हा एक हरिणाचे पाडस तिचा पदर ओढते. जन्मताच आईला मुकलेले हे पाडस तिने मूठ मूठ सावे चारून वाढविलेले असते. दर्भाच्या टोकाने त्याच्या तोंडाला जखम झाली तेव्हा तिने तिच्यावर इंगुदीचे तेल लावलेले असते. ह्या मुलीची योग्यता तिच्या ह्या कामांतून सिद्ध झालेली आहे. पण निघताना ती काय करते? माझ्या मागे तात तुझी काळजी घेतील, असे त्या पाडसाला सांगते. पाळणारी मुलगी घर सोडून जाते, पाळलेला जीव मागे राहतो आणि त्याचा भार वडीलधाऱ्यावर येतो. ह्या साध्या प्रसंगात पुढल्या सगळ्या चर्चेचे बीज आहे, असे आम्हांला वाटते.

आमच्या खेड्यांतून ही गोष्ट नाटकाविनाच लोकांना कळलेली होती. शेतकऱ्याच्या घरी मुलाला एकदम बैलाचा कासरा कोणी देत नसे. आधी धार काढताना वासरू धरून ठेवायचे, मग त्याला पाण्यावर न्यायचे, मग दोन-चार शेळ्या राखायच्या, आणि हे जमले तर पुढे गुरे. मोठ्या माणसाची नजर सतत गोठ्यावर असे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो, त्यात लाकडी बैल सजवून मिरविले जातात. खरे बैल बापाचे, लाकडी बैल पोराचे. तापसींचा मातीचा मोर आणि नागपुराकडचा हा लाकडी नंदी एकाच शहाणपणाची दोन रूपे आहेत. ह्या व्यवस्थेत मूल तयार झाले का असा वेगळा प्रश्न कोणी विचारीत नसे, कारण तयारी हीच रोजची रीत होती.

प्रश्न खरा उत्पन्न झाला तो जनावर जेव्हा गोठ्यातून दिवाणखान्यात आले तेव्हा. जे दूध देत नाही, ओझे वाहत नाही, केवळ आवड म्हणून ठेवायचे, असे जनावर मुलाला का द्यावे आणि केव्हा द्यावे? ह्यावर विचार करून लिहिणाऱ्यांत इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक ह्याचे स्थान मोठे आहे. हॉलंडमध्ये परागंदा असताना लॉकने एडवर्ड क्लार्क ह्या आपल्या स्नेह्याला त्याच्या मुलाच्या शिक्षणासंबंधी पत्रे लिहिली होती. त्यांतूनच त्याचे शिक्षणविषयक पुस्तक तयार झाले आणि ते १६९३ साली प्रसिद्ध झाले. लॉक स्वतः वैद्यक शिकलेला असल्यामुळे मुलांच्या स्वभावाचे निरीक्षणही तो वैद्याच्या नजरेने करतो. पाखरांची पिले, फुलपाखरे मुलांच्या हाती लागली की ती त्यांचे हाल करतात, हे त्याने पाहिले होते. ह्या सवयीला वेळीच आळा घातला नाही तर मन निबर होत जाते, आणि मुक्या जिवांच्या वेदनेत ज्याला मौज वाटते त्याला माणसाचीही फारशी दया येत नाही, असे त्याचे म्हणणे.

लॉक नुसता उपदेश करून थांबत नाही. त्याच्या ओळखीच्या एका आईची हकीकत तो सांगतो. तिच्या मुलींनी कुत्रा, खार, पाखरू असे काही मागितले की ती आई ते देत असे. मात्र एकदा दिले की त्या प्राण्याला काही कमी पडता कामा नये, त्याला कोणी वाईट वागविता कामा नये, अशी तिची सक्त ताकीद असे. हयगय झाली तर तो मोठा अपराध समजला जाई. पुष्कळदा तो प्राणी मुलीकडून काढून घेण्यात येई, निदान बोलणी तरी खावी लागत. अशाने मुली लहानपणीच काळजीपूर्वक वागायला आणि दयाळू व्हायला शिकल्या, असा लॉकचा निर्वाळा आहे.

ह्या आईचे कौतुक आम्हांलाही वाटते. आधी द्यावे आणि मग पारखावे, ही तिची रीत. मूल तयार होण्याची वाट पाहत बसू नये, कारण प्राण्याच्या सहवासानेच ते तयार होते, हा तिचा विचार पुष्कळ अंशी खरा आहे. परंतु ह्या रीतीत एक उणीव राहून जाते. मुलीच्या हयगयीचा हिशेब आई करते. पण त्या हयगयीच्या दिवसांत खारीने काय सोसले, त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? मुलीला धडा मिळाला, खार उपाशी राहिली. लॉकच्या काळी प्राणी हे मुलाच्या शिक्षणाचे साधन होते. त्याच्या स्वतःच्या सुखदुःखाची बाजू फारशी कोणी मांडीत नव्हते.

अठराव्या शतकात ती बाजू हळूहळू पुढे आली. १७५१ साली विल्यम हॉगार्थ ह्या चित्रकाराने क्रौर्याच्या चार पायऱ्या दाखविणारी चार चित्रे काढली. पहिल्या चित्रात लंडनच्या रस्त्यावर पोरे कुत्र्यामांजरांचे नाना प्रकारे हाल करीत आहेत. त्यांतला टॉम नीरो नावाचा मुलगा पुढच्या चित्रांत घोड्याला मारतो, मग खून करतो आणि शेवटी फासावर जातो. त्याच्या प्रेताची चिरफाड होते तेथे चित्रमाला संपते. पण त्या पहिल्याच चित्रात चांगल्या पोशाखातला दुसरा एक मुलगा आहे. तो आपल्या हातातला खाऊ देऊ करून कुत्र्याला सोडविण्यासाठी टॉमची विनवणी करीत आहे. मुलाची पारख वयावरून होत नाही, हे हॉगार्थने एका चौकटीत दाखविले आहे. दोघेही जवळजवळ एकाच वयाचे दिसतात.

१७८६ साली सेरा ट्रिमर ह्या बाईंनी मुलांसाठी रॉबिन पक्ष्यांच्या कुटुंबाची गोष्ट लिहिली, ती इंग्लंडात पुढे अनेक पिढ्या वाचली गेली. त्यात पाखरांना रोज दाणे घालणारी शहाणी मुले आहेत, आणि प्राण्यांना छळणारा एक दुष्ट पोरगाही आहे. पण आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यातली एक बाई. ती घर प्राण्यांनी भरून टाकते आणि पोटच्या मुलांकडे दुर्लक्ष करते. दयेलाही प्रमाण लागते, आणि हे प्रमाण घरातल्या मोठ्यांनी राखायचे असते, ही गोष्ट ट्रिमरबाईंनी बरोबर हेरली.

एकोणिसाव्या शतकात ह्या विचाराला संस्थांचे रूप आले. रिचर्ड मार्टिन ह्यांच्या खटपटीने १८२२ साली गुराढोरांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा झाला, आणि १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्य थांबविणारी संस्था निघाली. तशीच संस्था मुंबईत १८७४ साली स्थापन झाली, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय ह्याच चळवळीतून १८८३ साली उभे राहिले. मुलांसाठी म्हणून इंग्लंडात १८७५ साली 'बँड ऑफ मर्सी' नावाचे संघ निघाले. १८८२ साली जॉर्ज एंजेल ह्यांनी ते अमेरिकेत नेले. मुलांनी एकत्र यायचे, प्राण्यांशी दयेने वागण्याची शपथ घ्यायची, गाणी म्हणायची, असा त्यांचा कार्यक्रम असे. ह्या संघांनी मोठे काम केले. पण शपथ घेणे आणि पहाटे उठून मांजराची घाण काढणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दया हा मनाचा उमाळा आहे, तर पालन हा रोजचा नेम आहे. ज्या मुलाजवळ उमाळा आहे त्याच्याजवळ नेम असेलच असे नाही. आणि आमच्या प्रश्नाचे सगळे मर्म ह्या फरकात आहे.

हा फरक शिक्षणशास्त्रात नीट मांडला तो मारिया माँटेसोरी ह्यांनी. आपल्या पद्धतीवरील पुस्तकात त्यांनी मुलांना रोपे आणि प्राणी सांभाळायला द्यावे असे सांगितले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे. पाणी घातले नाही तर रोप वाळते, दाणे टाकले नाहीत तर पाखरे उपाशी राहतात, हे मुलाला उमगले की ते पुढचा विचार करू लागते. कोणी न सांगता आपले काम आठवून करते. ह्यात प्राण्याची मालकी एकट्या मुलाकडे नाही. तो सर्वांचा आहे, आणि बाईंची नजर आहे. मालकी नंतर, सांभाळणे आधी, असा हा क्रम आहे. आमच्या गोठ्यातला क्रम ह्याहून निराळा नव्हता. माँटेसोरी १९३९ साली हिंदुस्थानात आल्या. त्यांच्या विचारांचा आधार घेऊन ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला खेड्यांतल्या व आदिवासींच्या मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम केले, त्याची महाराष्ट्राला ओळख आहेच.

आता कायद्याकडे वळू. १९५१ साली ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्यांच्या विक्रीसंबंधी कायदा झाला. प्राणी विकणाऱ्या दुकानांना त्याने परवाना लागू केला, आणि बारा वर्षांखालील मुलाला पाळण्यासाठी प्राणी विकण्यास बंदी केली. 'मोठा म्हणजे किती मोठा' ह्या प्रश्नाला अशा रीतीने एक आकडा मिळाला. १९८७ साली युरोपीय राष्ट्रांनी स्ट्रासबर्ग येथे पाळीव प्राण्यांच्या रक्षणाचा करार केला, त्यात हा आकडा सोळावर गेला : सोळा वर्षांखालील मुलाला आईबापांच्या स्पष्ट संमतीवाचून प्राणी विकू नये. पुढे २००६ सालच्या प्राणिकल्याण कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्येही बाराचे सोळा झाले. जत्रेत कड्या फेकून सोनमासा जिंकायचा जो खेळ असतो, त्यात सोबत वडील माणूस नसलेल्या मुलाला असे जिवंत बक्षीस ठेवण्यासही ह्या कायद्याने मनाई केली.

बाराचे सोळा का झाले? पंचावन्न वर्षांत मुले अधिक नादान झाली, असा ह्याचा अर्थ नव्हे. आमच्या मते बदलली ती पालनाची कल्पना. १९५१ च्या कायद्याची नजर दुकानदारावर होती. २००६ च्या कायद्याने प्राणी जवळ बाळगणाऱ्यावर कर्तव्य घातले आणि प्राण्याच्या गरजा मोजून सांगितल्या : योग्य जागा, योग्य आहार, स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, गरजेप्रमाणे इतर प्राण्यांची सोबत किंवा एकांत, आणि दुखणे, इजा व रोग ह्यांपासून संरक्षण. ही यादी वाचल्यावर दहा वर्षांच्या मुलाने "मी सगळं करीन" म्हणणे किती भाबडे आहे ते कळते. कुत्र्याला टोचायला नेणे, त्याचा खर्च करणे, तो रात्री विव्हळला तर वैद्याला गाठणे, हे त्याच्या हातचे नाही.

ह्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि आमच्या दृष्टीने साऱ्या इतिहासाचा निचोड त्यात आहे. सोळा वर्षांखालील मुलाजवळ प्राणी असेल, तर त्या मुलाचा सांभाळ करणारा मोठा माणूस त्या प्राण्याला नेहमीच जबाबदार धरला जाईल, असे ते कलम सांगते. मुलाने प्राणी पाळू नये असे कायदा म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की मुलाचा कुत्रा हा कायद्याच्या दृष्टीने आईबापांचाही कुत्रा आहे. कण्वाच्या आश्रमात शकुंतलेने पाडसाला जे सांगितले, ते इतक्या शतकांनी ब्रिटिश पार्लमेंटने कलमात बसविले!

आपल्या देशातही १९६० सालच्या कायद्याने, ज्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत चिकाटीने प्रयत्न केले, ज्याच्या ताब्यात प्राणी असेल त्याने त्याचे हित पाहणे हे कर्तव्य ठरविले आहे. खायला-प्यायला न घालणे किंवा सबळ कारणावाचून जनावर सोडून देणे हा अपराध आहे. आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. पिंजऱ्यातला राघू हा आपल्या घरांचा जुना शौक. पण आपल्या रानातले पोपट पकडणे व पाळणे आता वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. मुलाने हट्ट धरला तरी तो पुरवायचा नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल. असा हिशेब करीत बसले तर मुलाचे बालपण प्राण्यावाचून कोरडे जाईल. चार चुका होतील, पण सहवासाचे सुख मिळेल, त्याचे काय? आक्षेपात तथ्य आहे. न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन ह्यांच्या खोलीत एकदा त्यांचा कुत्रा असताना एक अबोल मुलगा आला, आणि जो कोणाशी बोलत नसे तो कुत्र्याशी खेळता खेळता खुलू लागला. १९६२ साली लेव्हिन्सन ह्यांनी ह्या अनुभवावर निबंध लिहिला, आणि प्राण्यांच्या साहाय्याने मुलांवर उपचार करण्याच्या विचाराला चालना मिळाली. तेव्हा सहवासाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण तो कुत्रा लेव्हिन्सनांचा होता, त्या मुलाचा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. सहवासाचे सुख मुलाला, भार जाणत्याला, ही वाटणी तेथेही होती.

शिवाय साधे अंकगणित आहे. कुत्रा सामान्यतः दहा-तेरा वर्षे जगतो, मांजर त्याहून थोडे अधिक. नऊ वर्षांच्या मुलाला आणलेले पिल्लू म्हातारे होईल तेव्हा मुलगा विशीत असेल. तो शिक्षणाला पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेलेला असेल. म्हाताऱ्या, अधू झालेल्या कुत्र्याला जिन्यावरून उचलून खाली नेण्याचे काम त्याचे आईबाप करतील. ज्या आईबापांना हे चित्र आज पाहवत नाही, त्यांनी पिल्लू आणू नये. मुलगा तयार नाही म्हणून नव्हे. घर तयार नाही म्हणून.

पंचतंत्रातली ब्राह्मणीची गोष्ट ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. तान्हे मूल आणि मुंगूस घरात एकटे राहतात; मुंगूस सापाला मारून मुलाला वाचविते; आणि त्याचे रक्ताळलेले तोंड पाहून मुलाची आई त्याचा जीव घेते. ह्या गोष्टीत मुलाने चूक केली नाही, मुंगसाने तर नाहीच. बाप राखणीवर न थांबता बाहेर गेला आणि आईने विचार न करता हात उगारला. दोन्ही चुका मोठ्यांच्या होत्या, आणि प्राण मुक्या जिवाचे गेले.

तर मग वडिलांनी मुलाला काय सांगावे? ह्या इतिहासातून आम्हांला तीन कसोट्या निघताना दिसतात. पहिली सर्वदमनाची : सोड म्हटले की मूल सोडते का? कुत्रे गुरगुरू लागले, मांजर अंग चोरू लागले, तर हात मागे घेण्याचा संयम त्याच्यात आहे का? नसेल तर अजून काही दिवस मातीचा मोर बरा. दुसरी माँटेसोरींची : एखादे नीरस काम, तुळशीला रोज पाणी घालण्याचे म्हणा, शेजाऱ्यांच्या मांजराला ते गावी गेले असता दूध ठेवण्याचे म्हणा, मूल महिना-दोन महिने आठवण न देता करते का? केले तर त्याचे आश्वासन मोलाचे समजावे, मग त्याचे वय आठ असो की चौदा. तिसरी कसोटी कण्वाची, आणि ती मुलाची नव्हेच. मुलाने सगळे सोडून दिले तरी हा जीव मी अखेरपर्यंत सांभाळीन, असे म्हणणारा एक तरी मोठा माणूस घरात आहे का?

पहिल्या दोन कसोट्यांत मूल कमी पडले तर वाट पाहता येते, मुले वाढतात. तिसऱ्या कसोटीत घर कमी पडले तर मात्र स्पष्ट नाही म्हणावे, आणि "तू लहान आहेस" असे सांगून तो दोष मुलाच्या माथी मारू नये. "आम्हांला हे जमणार नाही" असे खरे ते सांगितले, तर मूल चार दिवस रुसेल. पण जीव घरात आणणे ही हलकी गोष्ट नव्हे, एवढे ते त्यातून शिकेल. आणि ज्या घरात तिन्ही कसोट्या उतरतात, तेथे ह्या सुटीत पिल्लू खुशाल यावे. त्याला पाणी ठेवण्याचे पहिले काम मुलाला द्यावे, आणि भांडे भरले आहे की नाही, ते रात्री निजण्यापूर्वी आईबापांपैकी कोणीतरी पाहून घ्यावे.